काचेवर न चढणारं झुरळ

पाळीव सरडे आणि पालींना खाऊ घालण्यासाठी जी झुरळं मुद्दाम वाढवली जातात, त्यांची पारख पशुपालनाच्या नेहमीच्या रीतीच्या अगदी उलट असते. उस्मानाबादी शेळी घेताना तिचा काटकपणा बघतात, जुळी करडं देणारी आहे का ते विचारतात. खाद्य झुरळ घेताना त्याला काय काय जमत नाही, हे आधी बघावं लागतं. गुळगुळीत भिंतीवर चढता येतं का? उडता येतं का? थंडी सोसते का? मोकाट सुटलं तर आपलं आपण पोट भरू शकतं का? उत्तरं जितकी नकारार्थी, तितकं ते झुरळ घरात ठेवायला लायक.

मराठवाड्यातल्या धाराशिव जिल्ह्यात हे उलटं गणित अगदीच अनोळखी नाही. तुती लावून रेशीमकिडे पाळणारे शेतकरी इथे आहेत, आणि रेशीमकिड्याइतका परावलंबी कीटक दुसरा सापडणं कठीण. हजारो वर्षं माणसाच्या हाताखाली राहून त्याची अळी अशी झाली आहे की अंगावर पाला आणून टाकल्याशिवाय ती खात नाही, आणि पतंगाला पंख असून उडता येत नाही. संगोपनगृहाचं दार उघडं राहिलं म्हणून कुणाच्या शेतात रेशीमकिड्यांची धाड आली, असं होत नाही. झुरळ मात्र तितकं माणसाळलेलं नाही. त्याच्या काही जाती निसटताक्षणी घर धरतात, काही चार दिवसांत मरून जातात. निवडीचा सगळा प्रश्न या फरकाचा आहे.

ही झुरळं ज्यांच्यासाठी वाढवायची ते प्राणी बहुतेक परदेशी. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा लेपर्ड गेको आणि ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हे त्यांतले नेहमीचे दोन. दुकानांत हिरवा इग्वानाही दिसतो, पण तो पाला खाणारा. हौसेनं त्याला झुरळं घालणं म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांवर भार टाकणं. देशी प्राण्यांचा विषय इथे येतच नाही. घोरपड, अजगर, तारांकित कासव यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे, आणि याच जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात दिसलेला सरडा, मग तो कितीही साधा असो, तिथेच राहायला हवा. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या साईट्स कराराच्या यादीतला परदेशी प्राणी पाळायचा तर २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. हे कागद आधी, झुरळं नंतर.

किडे खाणाऱ्या सरड्याला रातकिडेही चालतात, पिठातल्या अळ्याही चालतात. मग झुरळच का? रातकिडा रात्रभर किरकिरतो, गर्दी झाली की एकमेकांना खातो, भराभर मरतो आणि मेला की घाण सुटते. पिंजऱ्यात उरलेला उपाशी रातकिडा झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतो. पिठातल्या अळीत चरबी जास्त. झुरळ गप्प असतं, वर्ष-दीड वर्ष जगतं, त्याच्या अंगात प्रथिनं भरपूर असतात, आणि डबा नीट ठेवला तर वासही फारसा येत नाही. किळस सोडली तर त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं थोडंच आहे.

पहिला मोह अर्थात स्वयंपाकघरातलं झुरळ पकडून टाकण्याचा. तो टाळावा. ते गटारातून फिरून आलेलं असतं, आणि जेल, खडू किंवा फवाऱ्याचं विष त्याच्या पोटात कधी गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. मोठं तांबूस झुरळ आणि ओट्याखालचं छोटं जर्मन झुरळ, दोघंही डब्यात वाढवायला घेणं म्हणजे घर त्यांच्या नावावर करून देणं. जर्मन झुरळाची कथा जाता जाता सांगण्यासारखी आहे. लिनीयसनं १७६७ साली त्याला जर्मनीचं नाव दिलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला आशियाई झुरळापासून वेगळं झाल्याचं दिसलं. परदेशी म्हणून ज्याला शिव्या दिल्या, तो आपल्याच मुलखातला निघाला.

बाजारात खाद्य झुरळ म्हणून जे चालतं त्यात तुर्कस्तानी झुरळ, म्हणजे छंदिष्टांचं ‘रेड रनर’, बऱ्याच जणांना आवडतं. मऊ असतं, चपळ असतं, सरड्याला पाठलाग करायला लावतं, अंड्यांच्या कोषांतून त्याची संख्या झपाट्यानं वाढते. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, हीही जमेची बाजू. पण ते मूळचं मध्य आशिया आणि मध्य-पूर्वेतल्या कोरड्या, उष्ण भागातलं. अमेरिकेत ते १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी तळावर प्रथम आढळलं. नंतर नैऋत्येकडच्या कोरड्या राज्यांत पसरलं आणि अनेक ठिकाणी अंगणांतल्या, नळांच्या पेट्यांतल्या जुन्या पौर्वात्य झुरळाला त्यानं हुसकून लावलं. त्याच्या या फैलावाला खाद्य म्हणून होणाऱ्या विक्रीचाही हातभार लागला असं अभ्यासक मानतात. आता धाराशिव बघावं. बालाघाटाच्या पठारावर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचं गाव, पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, दगडी कुंपणांना भेगाच भेगा. तुर्कस्तानी झुरळाला याहून सोयीचं सासर मिळणार नाही. इंग्लंडच्या थंडीत जे झुरळ डब्याबाहेर टिकणार नाही ते इथे टिकू शकतं. त्यामुळे परदेशी पुस्तकांतली शिफारस इथे जशीच्या तशी घेता येत नाही. या जिल्ह्यापुरता तरी रेड रनर बाद धरावा.

लॉबस्टर झुरळ काचेवर सरसर चढतं. ऑस्ट्रेलियात परदेशी कीटकांची आयात बंद असल्यामुळे तिथले लोक हेच झुरळ ‘वूडी’ म्हणून वाढवतात. इथे ती सक्ती नाही, तेव्हा तो व्यापही नको. मादागास्करचं फुस्कारणारं झुरळ दोन-अडीच इंचांचं, देखणं, पण वाढ सावकाश आणि तेही चढणारं. ते बघायला ठेवावं, खाऊ घालायला नव्हे.

देशी झुरळांचा विचार कुणाच्या मनात आला तर तो गैर नाही. उकिरड्याच्या ओलसर खतात, शेणाच्या ढिगाखाली पिक्नोसेलस वंशाची बुटकी, गडद झुरळं पुरून राहतात. त्यांतल्या सुरिनाम झुरळाच्या माद्या नराशिवायच पिढ्यान्‌पिढ्या पिलं देतात, आणि नाव सुरिनामचं असलं तरी ते झुरळ मूळचं आशियातलंच. कोंबड्या उकिरडा उकरून ती आवडीनं टिपतात, आणि त्यातूनच कोंबड्यांच्या डोळ्यांतला एक कृमी पसरतो, कारण त्याची मधली अवस्था याच झुरळाच्या अंगात वाढते. रानातून किंवा उकिरड्यातून उचललेला कीटक पाळीव प्राण्याला का घालू नये, याचं याहून नेमकं उदाहरण नाही. दुसरं देशी झुरळ म्हणजे दक्षिण भारतातल्या खुरट्या, काटेरी रानातलं डॉमिनो झुरळ. काळ्याभोर गोल अंगावर पांढरे सात ठिपके. एका विषारी फवारा मारणाऱ्या भुंगेऱ्याचं ते सोंग घेतं असं मानतात. जगभरचे हौशी लोक ते पाळतात, पण वाढ इतकी सावकाश की खाद्य म्हणून ते परवडणार नाही, आणि इतकं सुंदर की तसं करावंसंही वाटणार नाही.

उरतं ते दक्षिण अमेरिकेतलं डुबिया. मादी दीड इंचाहून थोडी मोठी, रुंद, पंखांच्या जागी नुसते खुंट. नराला पूर्ण पंख असतात, पण तो त्यांचा उपयोग फारसा करत नाही. काचेवर किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढण्यासाठी झुरळांच्या पायांना नख्यांमध्ये जी चिकट गादी लागते, ती याला कामापुरती नाही. उंच काठाच्या टबाला झाकण नसलं तरी ते तळाशीच घुटमळत राहतं. चाल मंद, स्वभाव लपण्याचा. वीस अंशांखाली त्याचं प्रजनन जवळपास थांबतं. हे शेवटचं कुंपण धाराशिवात अर्धंच उभं राहतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरल्या तरी दुपार उबदार असते, आणि उरलेल्या वर्षात थंडी नसतेच. इथे त्याला अडवणारी दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे कोरडेपणा. डुबियाला कात टाकताना हवेत बऱ्यापैकी ओल लागते. मार्च ते मेमधल्या इथल्या भाजक्या हवेत बाहेर पडलेलं पिलू कातीत अडकून मरण्याचीच शक्यता जास्त. पावसाळ्यात मात्र हा भरवसा धरू नये. परदेशी कीटक भारतात आणायला वनस्पती संगरोधाच्या २००३च्या आदेशानुसार परवानगी लागते, तेव्हा बाहेरून पार्सल मागवण्याच्या भानगडीत न पडता देशातच वाढवलेली झुरळं घ्यावीत, आणि घेताना एकच जात आहे ना हे नीट बघावं. डुबियाच्या डब्यात भेसळीनं आलेली दोन चढणारी झुरळं सगळी निवड फुकट घालवतात.

वाढवण्याचं सामान साधं आहे. फूट-सव्वा फूट उंच, आतून गुळगुळीत, अपारदर्शक टब. त्याच्या झाकणाला मोठी खिडकी कापून बसवलेली धातूची बारीक जाळी, कारण प्लॅस्टिकची जाळी झुरळं कुरतडू शकतात. आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे ठेवायचे. आडवे ठेवले तर विष्ठा खोलग्यांत साठते. उभे ठेवले की ती खाली पडते. अंडी ठेवून वापरलेले ट्रे घेऊ नयेत. घाऊक विक्रेत्याकडे कोरे मिळतात. काठाच्या आतून चार बोटं रुंद व्हॅसलिनचा पट्टा ओढला की बिनचढ्या झुरळालाही दुसरा अडसर होतो. जमिनीवर माती किंवा भुसा घालायची गरज नाही.

उबेसाठी युरोपातला हौशी माणूस वर्षभर वीज जाळतो. डुबियाचं प्रजनन २८ ते ३५ अंशांत चांगलं चालतं, आणि हे तापमान धाराशिवात वर्षाचे कितीतरी महिने फुकट मिळतं. इथली चिंता दुसऱ्या टोकाची आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या खोलीतला टब दुपारच्या दोन तासांत संपतो. झुरळ काहीही सोसतं ही समजूत पत्र्याखाली टिकत नाही. मराठवाड्यातली पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरं आता कमी होत चालली आहेत, पण ज्यांच्याकडे तसली एखादी खोली उरली आहे त्यांनी टब तिथेच, जमिनीलगत ठेवावा. स्लॅबच्या घरात खालच्या मजल्यावरचा उत्तरेकडचा कोपरा बरा. टबाशेजारी ओलं पोतं टांगलं की हवा गार होते आणि कात टाकायला लागणारी ओलही मिळते. हिवाळ्यात थर्मोस्टॅट लावलेली कमी वॅटची हीटिंग मॅट टबाच्या एका बाजूला बाहेरून चिकटवावी, म्हणजे झुरळांना हवी ती ऊब निवडता येते. कोंबडीच्या पिलांसाठी लावतात तसा बल्ब इथे उपयोगाचा नाही. उजेड असेल तर झुरळं बाहेर येऊन खाणंच सोडतात.

खरे शत्रू दोन, मुंग्या आणि घरातली औषधं. लाल मुंग्यांना टबाचा पत्ता लागला की एका रात्रीत कात टाकणारी, मऊ अंगाची पिलं नाहीशी होतात. दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी युक्ती इथे तंतोतंत लागू पडते: टब चार पायांच्या स्टँडवर, प्रत्येक पाय पाणी भरलेल्या वाटीत, आणि टब भिंतीला टेकलेला नको, कारण मुंगी तिथून पूल करते. वाटीतलं पाणी उन्हाळ्यात दिवसाआड आटतं, हे विसरलं जातं. मुंग्यांसाठी पावडर मारणं म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. डासांची लिक्विड मशीन, अगरबत्ती, झुरळांचा खडू या सगळ्यांतली द्रव्यं कीटकांसाठीच केलेली असतात. त्यांना पाळीव झुरळ आणि मोकाट झुरळ यांत फरक करता येत नाही. टब असलेल्या घरात डासांसाठी मच्छरदाणीच वापरावी.

झुरळानं खाल्लेलं सरड्याच्या पोटात जातं. म्हणून झुरळाचं जेवण हा या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे, आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. गव्हाचा कोंडा, ज्वारीचं पीठ, थोडी तुरीची चुणी हा रोजचा कोरडा आहार झाला. पेंड किंवा मांजराचं खाद्य यांचा मारा करू नये. प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली की झुरळ त्यांतला नत्र यूरिक आम्लाच्या रूपात अंगातल्या चरबीत साठवून ठेवतं. त्याच्या पेशींत राहणारे जिवाणू वेळप्रसंगी या साठ्यातून पुन्हा प्रथिनांचे घटक करून देतात. उपासमारीत झुरळ तगतं त्यामागे ही सोय आहे. झुरळाला ती फायद्याची असली, तरी यूरिक आम्लानं भरलेलं झुरळ सरड्याच्या पोटात जाणं बरं नाही असं पुष्कळ पाळणारे मानतात, आणि सावध राहण्यात तोटा काहीच नाही. ओल्या खाण्यात गाजर, भोपळा, संत्र्याची फोड चालते. शेवग्याचा पाला विशेष चांगला. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि तो इथल्या बांधाबांधावर फुकट मिळतो.

धान्य कुठून आलं हे मात्र विचारलंच पाहिजे. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून साठवण्याची रीत अजून कितीतरी घरांत आहे, आणि कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्यातच बिघाड करतं. माणसाला निर्धोक असलेली ती ज्वारी टबातल्या पिलांना बाधू शकते. ती मोठी न होता एकेक करून मरू लागली की लोक उष्णतेला दोष देतात. फवारलेली द्राक्षं, फ्लॉवर, कोथिंबीर यांचं तेच. धुतलं तरी सगळं विष जात नाही. या बाबतीत रेशीम उत्पादकाकडचा तुतीचा पाला त्यातल्या त्यात बिनधोक. पाल्यात कीटकनाशकाचा अंश राहणार नाही याची काळजी तो घेतो, कारण पहिलं नुकसान त्याच्याच किड्यांचं होईल. त्याच न्यायानं, कुणाकडे जास्तीच्या रेशीम अळ्या उरल्या असतील तर त्या थेट सरड्याला घालाव्यात. मऊ, कमी चरबीच्या, आणि विषमुक्त असल्याची खात्री त्यांनी जिवंत राहूनच दिलेली असते.

पाणी उघड्या ताटलीत ठेवलं की पिलं बुडतात. पाणी धरणारे जेलचे खडे किंवा ओला स्पंज ठेवावा, आणि स्पंज आठवड्याला बदलावा. ओलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाकावं. बुरशी लागली की टबच्या टब आजारी पडतो.

चार-पाच माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले तर ते एकमेकांचे पंख कुरतडतात, म्हणून सरड्याला घालायला जादा नर आधी काढावेत. डुबियाची मादी अंड्यांचा कोष बाहेर टाकत नाही. क्वचित कधी ती शेपटाकडून पिवळसर कोष लांब काढून वळवताना दिसते. नवख्याला वाटतं मादी आजारी आहे, पण तो कोष ती परत पोटात ओढून घेते आणि तिथेच अंडी उबवते. महिना-दोन महिन्यांनी वीस-पंचवीस पिलं बाहेर येतात, तांदळाच्या कणीएवढी पांढरी, आणि काही तासांत तपकिरी होतात. मोठी झुरळंही प्रत्येक कातीनंतर अशीच पांढरीफटक दिसतात. ती वेगळी जात नव्हे, रोगही नव्हे. पिलाचं पूर्ण झुरळ व्हायला चार ते सहा महिने लागतात. त्यामुळे नवीन टबाला पहिले पाच-सहा महिने हात लावू नये. बहुतेक टब बंद पडतात ते रोगानं नव्हे, तर सरडा भुकेला दिसला म्हणून पोटुशा माद्या काढून घातल्यानं.

खाऊ घालताना माप सोपं: सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा झुरळ मोठं नको. वाढत्या पिलाला रोज, मोठ्या गेकोला दोन-तीन दिवसांआड. पिंजऱ्यात घालायची झुरळं दिवसभर आधी वेगळ्या डब्यात घेऊन शेवगा आणि गाजर खाऊ घालावीत. तरीही एक उणीव राहते. बहुतेक खाद्य कीटकांत फॉस्फरसच्या मानानं कॅल्शियम फार कमी असतं, आणि सरड्याला ते फॉस्फरसच्या दुप्पट लागतं. ते मिळालं नाही की जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, पाठीचा कणा वाकडा होतो. म्हणून झुरळ पिशवीत घालून कॅल्शियम कार्बोनेटच्या पुडीत घोळवतात. आयात पुडीच हवी असं नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन हा माकुळाच्या अंगातला कॅल्शियम कार्बोनेटच असतो, तो वस्त्रगाळ करून चालतो. पानाचा चुना मात्र चुकूनही वापरू नये. तो दाहक असतो आणि तोंड भाजतो. कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं. बिअर्डेड ड्रॅगनसारख्या दिवसा फिरणाऱ्या सरड्यांना ते उन्हातल्या अतिनील किरणांतून मिळतं, आणि खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हात सावलीचा कोपरा असलेला पिंजरा काही वेळ बाहेर ठेवणं हे इथल्या पाळणाऱ्याला सहज जमण्यासारखं आहे.

माणसाच्या बाजूनं एक धोका खरा आहे. झुरळांच्या कातीचा आणि विष्ठेचा बारीक धुरळा दम्याला कारण ठरतो, आणि वर्षानुवर्षं टब हाताळणाऱ्यांना हळूहळू त्याची ॲलर्जी होऊ शकते. टब झोपायच्या खोलीत नको, लहान मूल किंवा दमेकरी असलेल्या घरात तर मुळीच नको. साफसफाई मास्क आणि हातमोजे घालून, उघड्यावर करावी. नंतर हात साबणानं धुवावेत. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, तेव्हा हा नियम दोघांसाठीही.

तळाशी साठलेली कोरडी विष्ठा कुंड्यांना उत्तम खत आहे, पण तिच्यात डोळ्याला सहज न दिसणारी पिलं हमखास असतात. ती चाळून, पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावी आणि मगच झाडांना घालावी. कुणाला टब बंदच करायचा असेल तर झुरळं शेतात किंवा नाल्याकाठी सोडू नयेत. तीही याच फ्रीजरमध्ये जातात.